रेवदंड्याचा सीझन आणि आमचं घर

रेवदंड्यात हिवाळ्याला कुणी हिवाळा म्हणत नाही, सीझन म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याच्या पहिल्या गाड्या येतात, आणि मुलांच्या परीक्षा जवळ येईपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारीअखेर, शनिवार-रविवार गाव भरलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पुन्हा थोडी वर्दळ होते, पण तेव्हा उकाडा असतो, विहिरी खाली गेलेल्या असतात. जूनपासून सगळं मिटतं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचेस थांबतात, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या ओढून ठेवल्या जातात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे आणि ती पावसातही चालते, तरी पावसात समुद्राला येणारे लोक मोजकेच. म्हणजे कमावायचं या चार महिन्यांत आणि खायचं बारा महिने.

आम्ही दोघी जावा. किल्ल्याच्या तटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाडीत आमचं घर आहे. थोरलीचे पती कुवेतला, धाकटीचे इथेच मिनीडोअर चालवतात. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या काढून आम्ही पाहुणे ठेवायला लागलो, त्याला आता काही सीझन झाले. आमच्यासारखी कितीतरी घरं या किनाऱ्यावर आहेत. नागाव, चौल, काशीद, मुरुड, कुठेही जा, दारावर 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी दिसते. मुस्लिम घरांतल्या बायका मात्र आम्हाला विचारतात, तुम्हाला हे कसं जमतं? परकी माणसं, दारू, पडदा, नमाज, हे सगळं कसं सांभाळता? त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

हंगामावर जगणं आपल्याला नवीन नाही. मक्केचे कुरैश हिवाळ्यात एका दिशेला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिशेला काफिले न्यायचे, यमन आणि शाम. त्या दोन प्रवासांचा उल्लेख कुरआनात एका छोट्या सूरेत आहे, आणि ती सूरा आपल्या मुलांना नमाजेत म्हणण्यासाठी लहानपणीच पाठ करून घेतली जाते. रिज्क ऋतूप्रमाणे येतं, आणि ते येतं तेव्हा देणाऱ्याला विसरायचं नाही, एवढं त्यातून आम्ही घेतलं.

आमच्या गावाला तर पाहुण्यांची सवय शतकांची आहे. चौल हे जुनं बंदर. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर नावाच्या रशियन शहरातला व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून समुद्रमार्गे इथे उतरला. त्याच्या नावाचा काळा स्तंभ २००२ मध्ये रेवदंड्यात उभारला गेला. पाहुणे त्याच्यापाशी फोटो काढतात. निकितीन बर्फाच्या देशातला. त्याने चौलहून घाट चढून जुन्नर गाठलं आणि तिथे पावसाळा काढला, पण लिहिताना त्या पावसाळ्याला त्याने 'हिवाळा' म्हटलं. बहुधा त्याच्या मते जेव्हा वाटा बंद होतात तो हिवाळा. त्या हिशोबाने आमचाही हिवाळा जून ते सप्टेंबर!

त्याच निकितीनची एक हकीकत आम्ही मुलांना सांगतो. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरचा अधिकारी असदखान याने काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडा परत मिळेल, वर सोनंही मिळेल. नाही तर दोन्ही गेलं. चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपता संपता मुहम्मद नावाचा एक खोरासानी खोजा तिथे आला. निकितीनने त्याची विनवणी केली. त्याने असदखानाकडे जाऊन ती मागणी मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. निकितीनने हे स्वतः लिहून ठेवलं, म्हणून पाचशे वर्षांनी आपल्याला कळतं. कुरआनने नाकारलेली जबरदस्ती एका मुसलमानाने केली आणि दुसऱ्या मुसलमानाने ती मोडून काढली. परक्या देशातल्या पाहुण्याला दोघंही लक्षात राहिले. आपल्या दारात आलेला पाहुणाही काहीतरी लक्षात ठेवूनच परत जातो.

आता रोजच्या कामाकडे येऊ. सीझनचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. जुम्याच्या आधी खोल्या धुऊन, चादरी घालून तयार ठेवायच्या, कारण संध्याकाळपासून फोन वाजू लागतात: रस्ता कुठून, पेण-वडखळला गर्दी किती, जेवण मिळेल ना. अलिबागहून आम्ही साधारण सतरा-अठरा किलोमीटर. शनिवारी पहाटे मासळीला जावं लागतं. पापलेट-सुरमईचा भाव शनिवारी वेगळा आणि मंगळवारी वेगळा असतो. पाहुणा नेमका शनिवारीच पापलेट मागतो. आम्ही आता फोनवर पापलेट कबूलच करत नाही. त्या दिवशी टोपलीत जे ताजं, ते ताटात. बोंबील, मांदेली, कोळंबी, कधी चिंबोऱ्या. तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणाचं कालवण, वालाचं बिरडं आणि अम्मांच्या हातचं सांदण. अम्मा म्हणजे आमच्या सासूबाई. सांदणाचं पीठ आजही त्याच बघतात, आम्हाला हात लावू देत नाहीत.

मार्गशीर्ष महिना मात्र सांभाळावा लागतो. आमचे निम्म्याहून जास्त पाहुणे हिंदू मराठी कुटुंबं असतात आणि त्यांतली बरीच मार्गशीर्षात, निदान गुरुवारी, मासे-मटण खात नाहीत. त्यासाठी वेगळी भांडी ठेवली आहेत आणि ते आधीच सांगून टाकतो. याच महिन्यात दत्तजयंतीपासून चौलच्या दत्ताची यात्रा भरते. पाच दिवस रस्ता माणसांनी वाहत असतो. धाकटीचे पती त्या दिवसांत घरी जेवायलाही येत नाहीत, मिनीडोअरला उसंत नसते.

सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आराम आहे. खरं काम याच दिवसांत असतं. चादरी, अभ्रे, टॉवेल. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नाही, म्हणून चादरी दोनदा खळबळाव्या लागतात. समुद्रावरून आलेली मुलं काळी वाळू थेट गादीपर्यंत आणतात. आमच्याकडची वाळू नागाव-काशीदसारखी उजळ नाही, ती पांढऱ्या चादरीवर लगेच दिसते. म्हणून आमच्या चादरी आता फुलाफुलांच्या.

जानेवारीत पोपटी. रायगड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, त्याच्या शेंगा थंडीत भरतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला आणि चर्र झालं की पोपटी झाली. आता पोपटीसाठीच म्हणून मुंबईची माणसं येतात. आणि इथेच आमचा सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहतो, कारण पोपटी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तिच्याबरोबर बाटलीही येते.

दारूबद्दल आपल्याच लोकांत तीन मतं ऐकू येतात. काही म्हणतात, हा धंदाच नको. काही म्हणतात, आपण विकत नाही, वाढत नाही, पाहुण्याने बंद खोलीत काय केलं ते त्याचा तो आणि त्याचा रब बघेल. आणि काहींचं म्हणणं, किनाऱ्यावर राहून दारूला नाही म्हणणाऱ्याने सीझनमध्ये पाहुण्यांची वाटच बघू नये. आम्ही पहिल्या सीझनलाच ठरवलं की आवारात दारू नाही, खोलीत नाही, पोपटीच्या जाळापाशी नाही. पाटीवर लिहिलं आहे, पण पाटी कुणी वाचत नाही, म्हणून फोनवर पहिल्याच मिनिटात सांगतो. पुष्कळ जण तिथेच फोन ठेवतात. पोरांच्या टोळ्या तर सगळ्याच गेल्या. खोल्यांची बुकिंग लावून देणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने आम्हाला समजावलं की ही अट काढा, मागणी वाढेल. त्या कंपनीचं कमिशनही आम्हाला परवडत नव्हतं, तेव्हा दोन्ही प्रश्न एकदम सुटले.

गेलेल्यांच्या जागी कोण आलं, तेही सांगायला हवं. कुर्ला, मुंब्रा, मीरा रोडची मुस्लिम कुटुंबं येतात. त्यांना हलाल जेवण, किबल्याची दिशा आणि बायकांना निवांत बसता येईल अशी वाडी हवी असते. आणि आमच्या अंदाजाबाहेरचं म्हणजे, ज्या हिंदू कुटुंबांना शेजारच्या खोलीतला धिंगाणा नको असतो तीही येतात. पुण्याच्या काही शिक्षिका दर जानेवारीत येतात. नवरे नाहीत, मुलं नाहीत, फक्त मैत्रिणी. त्यांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा आमच्याआधी त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे पिणारे नसतात ना? या गिऱ्हाइकाने खोल्या शंभर टक्के भरत नाहीत. पण आमच्या मुलींना अंगणात अभ्यासाला बसता येतं. ज्या घरात राहायचं त्याच घरात धंदा करायचा, तर ही गोष्ट हिशोबात धरलीच पाहिजे, आणि ती धरली तर आमच्या मते तोटा झालेलाच नाही. एकतीस डिसेंबरला आम्ही फक्त ओळखीची कुटुंबं घेतो. कुणी नसेल तर कुलूप.

पडद्याचं म्हणाल तर निम्मं काम भिंत करते. पाहुण्यांचा जिना आणि दार वेगळं, स्वयंपाकघर आतल्या बाजूला. ताटं मुलगा नेतो. बायका-मुलांचं कुटुंब असेल तर आम्ही स्वतः जाऊन वाढतो, बसतो, बोलतो. भाकरी थापताना व्हिडिओ काढू का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. हातांचा काढा, चेहऱ्याचा नको, असं हसून सांगितलं की कुणी रागवत नाही. कुत्रा घेऊन येणाऱ्यांना वाडीतली पडवी देतो, खोली देत नाही. फजरच्या अजानने झोपमोड झाल्याची तक्रार एकदा आली होती. तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी अजान झाल्यावर उठून सूर्य उगवायच्या आत किल्ल्याच्या तटावर फिरून आले आणि म्हणाले, गजर लावायची गरज पडली नाही.

समुद्राचा विषय टाळून चालणार नाही. पाहुण्याला पाणी दिसलं की तो चपला काढतो. ओहोटीला पाणी आत ओढतं, खाडीच्या तोंडाशी, जिथे कुंडलिका समुद्राला मिळते, तिथे तर पोहणाऱ्याचंही चालत नाही. दर सीझनला या किनाऱ्यावर कुठे ना कुठे कुणाच्या घरचा दिवा विझतो. म्हणून खोलीच्या किल्लीबरोबर आम्ही भरतीची वेळही सांगतो. जुना कोळी हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतंच. चंद्र तोच, त्यामुळे चंद्रतारखेत एक-दोन दिवस मिळवले की तिथी निघते. हा हिशोब ढोबळ आहे, पण पाण्यात केव्हा उतरायचं नाही हे सांगायला पुरेसा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आम्ही मुलांना एकटं वाळूवर सोडूच देत नाही, मग पाहुणे नाराज होवोत.

पाहुण्याचा हक्क प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीन दिवसांचा सांगितला आहे, त्यापुढचं ते सदका. आमचे पाहुणे दोन दिवसांत जातात आणि पैसे मोजून जातात. तरी दारात आल्याबरोबर पाणी, लिंबाचं सरबत आणि निघताना वाडीतला एखादा नारळ, एवढं बिलात लावायचं नाही, असं अम्मांनी घालून दिलं आहे. बाकी सगळं मात्र लिहायचं. कोकणातल्या आपल्या घरांत पाहुण्याकडून पैसे घ्यायची लाज वाटते, आणि मग बायका अर्धा हिशोब सोडून देतात. तसं करू नये. गॅस, मासळी, साबण, वीज आणि स्वतःची मेहनत हे सगळं वहीत यायला हवं. फेब्रुवारीत अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा बाजारात येतात. २०२२ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे, भावही चढा असतो. आम्ही माळा विकत घेऊन पाहुण्यांना विकतो, त्याचंही पान वेगळं.

पैसे कुणाचे, हा प्रश्न आमच्या घरात बोलून मिटवावा लागला. खोल्या सासऱ्यांच्या जमिनीवर, बांधकाम कुवेतच्या पैशांतून, राबणाऱ्या आम्ही दोघी. बाईने कमावलेलं तिचं, हा हक्क आपल्याला कुरआनने दिलेला आहे. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार सगळ्यांना ठाऊक आहे, वाज़मध्ये आपण तो ऐकतो. घरी आल्यावर मात्र सुनेच्या कष्टाला 'मदत' म्हणतात. आम्ही सरळ वाटे पाडले: जागेचा एक, बांधकामाचा एक, आणि मेहनतीचा एक, जो आमच्या दोघींच्या खात्यांत निम्मा-निम्मा जातो. थोरलीच्या पतींनी फोनवर हे ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, असंच हवं. सगळ्याच घरांत इतकं सोपं जात नाही, हे आम्ही जाणतो.

सरकारी बाजूही थोडक्यात सांगतो. घरातल्या खोल्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवता येतात. जेवण देत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि नोंदवही ठेवायचीच, आणि परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ठरावीक मर्यादेत सरकार परत देतं. कर्ज व्याजाचंच, भरणारे आपण आणि परत देणारं सरकार. यात आपल्यासारख्यांनी पडावं का, हे ज्याने त्याने जाणत्या आलिमांना विचारून ठरवावं. आम्ही तिसरी खोली त्यामुळेच अजून काढलेली नाही. घरातलीच भिशी पुरी होईपर्यंत थांबतो आहोत.

दर हिवाळ्यात शालींचं गाठोडं घेऊन काश्मिरी फेरीवाले या बाजूला येतात. त्यांतले एक चाचा दुपारी आमच्या ओट्यावर टेकतात. ते तंगमर्गचे, गुलमर्गच्या पायथ्याचे. त्यांचा भाऊ वर बर्फात काम करतो. आमच्या खोल्यांची धावपळ बघून ते हसले, म्हणाले, हमारे यहाँ भी यही है, बस रेत की जगह बर्फ़ है. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांच्या वर. सकाळी खालच्या गावांतली माणसं चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांतून वर जातात. कुणी स्की शिकवतो, कुणी घोडं धरतो, कुणी पाहुण्याला लाकडी स्लेजवर बसवून ओढतो, कुणी हॉटेलच्या दारातला बर्फ फावड्याने काढतो. फिरनच्या आत कांगडी. १९९८ मध्ये तिथे गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला, २००५ मध्ये दुसरा, तो अफरवतच्या कड्यापर्यंत जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. तिथेही कमाई याच तीन-चार महिन्यांची, आणि तिथेही रात्री पाहुण्यांच्या गाद्या घालून झाल्या की घरातली माणसं शेवटी जेवतात.

२०२४ च्या जानेवारीत तिथे बर्फच पडलं नाही. महिन्याच्या अखेरीपर्यंत उतार तपकिरी राहिले, लोकांनी बुकिंग रद्द केली, स्लेजवाले रिकामे बसले. आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लॉकडाऊनने आधीच सीझन खाल्ला होता. वादळाने वाडीतली नारळ-पोफळीची झाडं आडवी केली. नारळाचं झाड लावून फळ यायला पाच-सात वर्षं जातात. खोल्यांचे पत्रे आठ दिवसांत बसवले, पण वाडीची सावली अजून पुरती आलेली नाही. एकाच हंगामावर विसंबलेल्या घराने दुसरा काहीतरी आधार धरून ठेवावा, हे चाचांनाही पटलं. त्यांचा तो आधार म्हणजे हे शालींचं गाठोडं. आमचा आधार मिनीडोअर आणि कुवेत. थोरलीचा मुलगा बारावीला आहे. त्याने आखातात जावं की इथे राहून होडी आणि खोल्या बघाव्या, यावर घरात रोज बोलणं होतं. त्याचे वडील म्हणतात, मी इतकी वर्षं ईद फोनवर केली, त्याने करू नये.

आणि आता रमजान. २०२४ मध्ये रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या सुरुवातीला. तोपर्यंत सीझन ओसरलेला असतो, त्यामुळे आम्हाला अडचण नव्हती. पण दर वर्षी रमजान दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, आणि २०३० मध्ये तर एकाच वर्षात दोनदा, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. म्हणजे पुढची काही वर्षं रोजे भर सीझनमध्ये. दिवस लहान, थंडी, रोजा हलका जाईल, पण दिवसभर दुसऱ्यांसाठी मासे तळायचे, मगरिबला इफ्तार, मग तरावीह आणि त्याच वेळी पाहुण्यांचं रात्रीचं जेवण.

याचा विचार आम्ही आत्ताच केला आहे. रमजानमध्ये दोनपैकी एकच खोली द्यायची. दुपारचं जेवण बंद, न्याहारी आणि रात्रीचं जेवण चालू. रात्रीचं ताट इफ्तारनंतर एका तासाने, आणि ज्याला हवं त्याने आमच्याबरोबर इफ्तारला बसावं, त्याचे पैसे नाहीत. शेवटचे दहा दिवस पूर्ण बंद. अम्मांचं म्हणणं, पाहुण्यांना पोपटीही इफ्तारनंतरच द्या. जाळ असरनंतर लावला तर मगरिबला मडकं फुटेल. पुण्याच्या शिक्षिकांना आम्ही हे फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, आम्ही येताना खजूर आणू का?